गेलेल्या सॉकेटची संमती

माझा सर्व्हर जेमतेम ऐंशी ओळींचा होता. पायथनमध्ये लिहिलेला, अंगाने सडपातळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. क्लायंटने काही विचारलं की दोन शब्दांत उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं, एवढंच त्याचं काम. तो चालला, क्लायंट जोडला गेला, उत्तरही आलं. उत्तरात एक स्पेलिंग चुकलं होतं. मी कंट्रोल-सी दाबून सर्व्हर बंद केला, एक अक्षर बदललं आणि पुन्हा चालू केला. टर्मिनल म्हणालं, एरर ९८, 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज'.

पत्ता आधीच वापरात आहे म्हणे. कोण वापरतंय? मीच वापरत होतो आणि आत्ता मीच बंद केला! आपण घराला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून कोपऱ्यापर्यंत जाऊन यावं आणि परत आल्यावर आतून कुणीतरी 'जागा नाही' म्हणून ओरडावं, तसं. चालू प्रोसेसची यादी काढली. माझा सर्व्हर त्यात नव्हता. पुन्हा चालवला, तोच एरर. अप-अ‍ॅरो, एंटर. अप-अ‍ॅरो, एंटर. लिफ्टचं बटण वीसदा दाबणाऱ्या माणसाच्या डोक्यात जे काही चाललेलं असतं, तेच तेव्हा माझ्या डोक्यात चाललं होतं, म्हणजे काहीही नाही. आणि मग कधीतरी सर्व्हर मुकाट्याने सुरू झाला. आपण काही न करता बंद पडलेल्या गोष्टीपेक्षा आपण काही न करता सुरू झालेल्या गोष्टीची मला जास्त धास्ती वाटते.

भानगड अशी, की टीसीपीमध्ये, म्हणजे दोन मशीननी एकमेकांशी कसं बोलायचं याच्या नियमांमध्ये, जो आधी निरोप घेतो त्यालाच मागे थांबावं लागतं. कंट्रोल-सी मी दाबलं, म्हणजे निरोप माझ्या बाजूने घेतला गेला. प्रोसेस गेली, पण तिच्या कनेक्शनचा जीव कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, घुटमळत राहिला. या अवस्थेचं नाव टाइम-वेट. वाटेत भटकलेलं एखादं जुनं पॅकेट उशिरा उगवून नव्या कनेक्शनच्या गळ्यात पडू नये, आणि आपली शेवटची पावती समोरच्याला पोचली नसेल तर ती पुन्हा देता यावी, म्हणून हा पहारा. १९८१ च्या टीसीपीच्या मूळ दस्तऐवजात पॅकेटचं आयुष्य जास्तीत जास्त २ मिनिटं धरलेलं आहे आणि पहारा त्याच्या दुप्पट, म्हणजे ४ मिनिटं. लिनक्सने तो ६० सेकंदांवर आणला. ऐकायला हे काहीच नाही. पण स्पेलिंग दुरुस्त करायला चारच सेकंद लागतात, उरलेले छप्पन्न घालवायचे कसे?

दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मी उपाय शोधला. त्याचं नाव एसओ-रीयूज-अ‍ॅड्रेस: टाइम-वेटमध्ये अडकलेला पत्ता पुन्हा वापरू द्या, असं सांगणारा. सॉकेट म्हणजे कनेक्शनचं आपल्या प्रोग्रॅमकडचं टोक, म्हणून याला सॉकेट ऑप्शन म्हणतात. ऑप्शन म्हणजे पर्याय, असं आपण शाळेत शिकलो. या ऑप्शनला मात्र पर्याय नाही. तो लावायचा सेटसॉकऑप्ट नावाच्या कॉलने, जो १९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्समधून आला आणि अजून त्याच पोशाखात वावरतोय. सी भाषेत त्याला पाच गोष्टी सांगाव्या लागतात: सॉकेट कोणता, पातळी कोणती, ऑप्शन कोणता, त्याची किंमत मेमरीत कुठे ठेवली आहे आणि ती किती बाइटची आहे. एवढा फॉर्म भरून सांगायचं काय, तर 'हो'. पायथनने यातला बाइट मोजायचा रकाना तेवढा स्वतःकडे घेतला.

ही ओळ बाइंडच्या, म्हणजे सॉकेटला पत्ता जोडून देणाऱ्या कॉलच्या, आधी लिहायची असते. मी शहाण्यासारखी बाइंडच्या आधीच लिहिली. सर्व्हर चालवला. एरर ९८.

इथे माझं जे व्हायचं ते झालं. नियम पाळूनही काम झालं नाही की माझी नियमावरची श्रद्धा उडते आणि मी ओळी उचलून इकडेतिकडे ठेवायला लागतो. ती ओळ उचलून बाइंडच्या खाली ठेवली. मध्ये उठलो, पाणी प्यायलो, खिडकीबाहेर पाहिलं, परत येऊन चालवलं. चाललं! म्हणजे हिची जागा खालीच होती तर. जगाने उगाच वर सांगितली होती.

या शोधावर मी अर्धा दिवस काढला. सर्व्हर कधी चालायचा, कधी नाही. घाईत असलो की ९८, सावकाश असलो की सुरळीत. हळूहळू माझ्या असं लक्षात आलं, की खुर्चीवरून उठून एक फेरी मारून आलं की तो हमखास चालतो. मी फेऱ्या मारू लागलो. बाइंडच फसल्यावर त्याच्या खालच्या ओळीपर्यंत प्रोग्रॅम पोचतच नाही, हे साधं गणित एकाही फेरीत सुचलं नाही.

शेवटी माझ्याहून बरीच लहान असलेली एक सहकारी माझ्या येरझाऱ्या पाहून स्क्रीनपाशी आली.

"ही ओळ बाइंडच्या खाली काय करतेय?"

"तिथेच चालते ती," मी अनुभवी आवाजात म्हणालो.

"अरे, हा तर बैल गेला नि झोपा केला!" तिने ओळ वर सरकवली. लगेच चालवलं, चाललं. बंद केलं, चालवलं, चाललं. पाच वेळा. मला एकही फेरी मारू दिली नाही.

"पण सकाळी मी इथेच ठेवली होती," मी म्हणालो. "देवाशपथ."

हे तिलाही कोडंच होतं. मग दोघांनी मिळून कर्नलचा कोड उघडला तेव्हा उलगडा झाला. लिनक्समध्ये नव्या सॉकेटने एकट्याने 'चालेल' म्हणून भागत नाही. त्या पोर्टवर, म्हणजे पत्त्यातल्या त्याच नंबरावर, जो जुना, टाइम-वेटमध्ये घुटमळणारा सॉकेट आहे, त्यानेही जिवंतपणी तसंच म्हणून ठेवलेलं असावं लागतं. माझा सकाळचा पहिला सर्व्हर ऑप्शनशिवायच गेला होता. त्याच्याकडून संमती राहून गेली. म्हणजे मी योग्य ओळ योग्य जागी लिहिली होती आणि ती अडली होती एका मयताच्या सहीवाचून. पुढचे, ओळ खाली ठेवून चालवलेले सर्व्हर मात्र बाइंड झाल्यावर का होईना, सही करून जात होते. म्हणून तिने ओळ वर नेताच सगळं बिनबोभाट चाललं. माझ्या चुकीनेच तिचा मार्ग मोकळा केला होता, हे मी तिला दोनदा समजावून सांगितलं. तिने दोनदा मान हलवली.

यानंतर थांबायला हवं होतं. पण एक ऑप्शन जमला की माणसाला बाकीचे खुणावू लागतात. माझी उत्तरं जरा रेंगाळत होती, सुमारे ४० मिलिसेकंद. हा नेगल अल्गोरिदमचा प्रताप. १९८४ च्या जानेवारीत जॉन नेगल यांनी तो मांडला, आणि त्या काळी तो अगदी रास्त होता: कीबोर्डवरचं एक अक्षर पाठवायला ४० बाइटचं हेडर लागायचं, म्हणजे ४१ बाइटचं पॅकेट. म्हणून ठरलं, की आधीच्या पॅकेटची पावती येईपर्यंत पुढचं छोटं पॅकेट अडवून ठेवायचं. मी उत्तराचं हेडर एकदा आणि मजकूर एकदा, असं दोन तुकड्यांत पाठवत होतो. पाठवणारा म्हणे, पावती द्या मग पुढचं देतो. घेणारा म्हणे, सगळं आलं की उत्तराबरोबरच पावती देतो. दोघेही काटकसरी. ४० मिलिसेकंद एकमेकांची तोंडं बघत बसायचे.

उपाय टीसीपी-नोडिले. मी रीयूजची ओळ कॉपी केली, नाव बदललं आणि चालवली. 'परमिशन डिनाइड'. उशीर करू नको म्हणायलाही परवानगी लागते? लागू दे. मी सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, लावून चालवलं. आता साहेबाच्या नावाने गेल्यावर कोण अडवणार! एरर गेला. उशीर मात्र तसाच. मजा अशी, की ऑप्शनची नावं आपल्यासाठी असतात, कर्नलला फक्त आकडे दिसतात. आणि पातळी म्हणजे मजला. माझ्या ओळीत मजला सॉकेटचाच राहिला होता. टीसीपीच्या मजल्यावर खोली नंबर १ म्हणजे नोडिले, तर सॉकेटच्या मजल्यावर खोली नंबर १ म्हणजे डीबग, आणि डीबगला खास अधिकार लागतात. मी चुकीच्या मजल्यावर जाऊन दार ठोठावलं, आतल्याने हाकललं, तर मी साहेबाची चिठ्ठी घेऊन पुन्हा त्याच दारात! त्यानेही निमूटपणे डीबग चालू करून दिलं. मजला बदलल्यावर सुडोही नको आणि उशीरही नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. रिसीव्ह बफर, म्हणजे आलेला मजकूर साठवायची जागा, एक लाख बाइटचा मागितला. किती दिला विचारलं तर म्हणे दोन लाख. लिनक्स आपल्या हिशेबठिशेबासाठी आकडा दुप्पट करतं. मग लोभाने दहा लाख मागितले. चकार तक्रार न करता हो म्हणालं आणि दिले ४,२५,९८४, कारण माझ्या मशीनवर कमाल मर्यादा २,१२,९९२ ची होती, तीच दुप्पट करून हातावर ठेवली. समोरचा जिवंत आहे का ते अधूनमधून विचारणारा कीपअलाइव्ह लावला आणि क्लायंटची केबल काढून बसलो, आता कळेल म्हणून. तो २ तास शांत राहिल्यावर पहिली हाक मारतो. मग ७५ सेकंदांच्या अंतराने एकूण ९ हाका, आणि मग कुठे जाहीर करतो की समोर कुणी नाही. हे आकडे बदलता येतात, पण ते मला २ तासांनी कळलं. बंद करताना किती रेंगाळायचं ते सांगणारा लिंगर शून्य करून पाहिला. त्याने टाइम-वेटच नाहीसा झाला, फक्त क्लायंटला निरोपाऐवजी थोबाडीत बसली आणि वाटेतला शेवटचा मजकूर गडप झाला. तो मी परत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती सहकारी पुन्हा आली. "तू क्रिएट-सर्व्हर का नाही वापरत? लिनक्सवर ते रीयूज आपलं आपण लावतं. पायथन ३.८ पासून आहे."

म्हणजे २०१९ पासून. मी वापरलं. सॉकेट बनवणं, बाइंड, लिसन, सगळं एका ओळीत आलं. जुन्या ओळी एकेक करून पुसल्या. रीयूजची तेवढी पुसवेना. तिच्यापायी मी बरंच चाललो होतो. आता बाइंड त्या एका ओळीच्या पोटात उरकतं आणि माझी ओळ त्याच्या खाली उभी असते. सर्व्हर बंद केला, चालू केला. दहा वेळा, एकदाही ९८ नाही.

मी तिला हाक मारून दाखवलं. "बघ, मी म्हणत नव्हतो? खालीच चालते ती."