थंडीने प्लग-इन हायब्रिडची बॅटरी कायमची जाते का? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

कॅनडातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर हिवाळा आला की एक संदेश पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: उणे २० अंशांत प्लग-इन हायब्रिडची (केबलने चार्ज करून काही अंतर विजेवर आणि एरवी पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीची) निम्मी बॅटरी मरते आणि ती पुन्हा मिळत नाही; पूर्ण चार्ज असतानाही इंजिन आपोआप सुरू होते, हा बॅटरी गेल्याचा पुरावा; शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करणे घातक, म्हणून नोव्हेंबर ते मार्च केबल गुंडाळून ठेवावी आणि गाडी पेट्रोलवरच चालवावी. सोबत बर्फात बंद पडलेल्या, डॅशबोर्डवर एकही दिवा नसलेल्या गाडीचे छायाचित्र असते. संदेश साफ खोटा असता तर तो इतका टिकला नसता. त्यात निम्मे सत्य आहे, आणि त्या निम्म्यावर बेतलेला सल्ला पाळला तर गाडीचे नुकसानच होते.

विजेवरचे अंतर घटते, यात वाद नाही. थंडीत बॅटरीतला इलेक्ट्रोलाइट (आयन म्हणजे विद्युतभारित कण वाहून नेणारा द्रव) दाट होतो, त्यातून लिथियमचे आयन सावकाश सरकतात, अंतर्गत रोध वाढतो आणि जोर मागितला की व्होल्टेज नेहमीपेक्षा लवकर खाली येते. परिणामी साठवलेल्या विजेतला काही भाग त्या वेळी वापरता येत नाही. पण तो नाहीसा झालेला नसतो. बॅटरी ऊबदार झाली की तो पुन्हा हाती येतो, आणि एप्रिल-मेमध्ये अंतराचा आकडा आपोआप वर चढलेला दिसतो. कायमची झीज करणाऱ्या रासायनिक अभिक्रिया तर उष्णतेत वेग घेतात आणि थंडीत मंदावतात. नुसती उभी असलेली बॅटरी विनिपेगच्या जानेवारीपेक्षा नागपूरच्या मे महिन्यात अधिक झिजेल.

शिवाय घटलेल्या अंतराचे सगळे खापर बॅटरीवर फोडणे हिशेबालाही धरून नाही. अमेरिकेतील ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये पूर्णतः विजेवर चालणाऱ्या पाच गाड्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. उणे ७ अंशांत हीटर बंद ठेवला असता अंतर सरासरी १२ टक्क्यांनी घटले आणि हीटर लावल्यावर ४१ टक्क्यांनी. म्हणजे तुटीचा मोठा वाटा आपल्या पायांना ऊब देण्यात खर्च झाला. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी लहान असल्यामुळे हीच गोष्ट तिथे अधिक जाणवते. टोयोटाच्या रॅव्ह४ प्राइमची बॅटरी १८.१ युनिटची (किलोवॉट-तासांची) आणि पहिल्या पिढीच्या प्रायस प्राइमची तर अवघी ८.८ युनिटची आहे. समजा, शहरातल्या रहदारीत १२ किलोमीटर जायला अर्धा तास लागला. गाडी पुढे नेण्यासाठी साधारण तीन युनिट लागतील, आणि गाडीत पाच किलोवॉटचा विजेचा हीटर असेल तर तो तेवढ्याच वेळात अडीच युनिट खाईल. अंतराचा आकडा निम्म्यावर आलेला पाहून घाबरणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

इंजिन आपोआप सुरू होण्याचे कारणही इथेच आहे. टोयोटाच्या या दोन्ही गाड्या आतली ऊब हीट पंपाने तयार करतात आणि तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. पारा साधारण उणे १० च्या खाली गेला की हे काम त्याला झेपत नाही, म्हणून हीटर लावताच इंजिन सुरू होते. हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. मात्र ती पुस्तिका उघडण्यापेक्षा संदेश पुढे ढकलणे सोपे आहे. शेव्हरोले व्होल्ट या प्लग-इन हायब्रिडमध्येही अशी सोय होती, आणि इंजिन थंडीमुळे चालू आहे असे पडद्यावर चक्क लिहून येत असे. यामागचा विचार शहाणपणाचा आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा बराच मोठा भाग इंजिनात उष्णता होऊन वाया जातो. कडाक्याच्या थंडीत गाडी तीच वाया जाणारी उष्णता आत वळवते आणि बॅटरीतली वीज चाकांसाठी राखते.

चार्जिंगविषयीचा दावा सर्वांत काळजीपूर्वक तपासायला हवा, कारण त्याचे मूळ खरे आहे. गारठलेल्या बॅटरीत जोराने वीज भरली तर लिथियमचे आयन ऋण टोकावरच्या ग्रॅफाइटच्या आत वेळेत शिरू शकत नाहीत. ते पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचतात. ही हानी भरून येत नाही, आणि साचलेला धातू वाढत गेला तर आतल्या आत शॉर्ट सर्किटही होऊ शकते. पण चार्जर जोडणाऱ्याने बॅटरीत किती वीज ढकलायची हे ठरवायचे नसते. ते बॅटरीचे नियंत्रण करणारी यंत्रणा ठरवते. तापमान फार उतरले असेल तर ती प्रवाह कमी करते, आणि ज्या गाड्यांत बॅटरीचा हीटर आहे तिथे आधी बॅटरी गरम करून मगच ती भरू लागते. घरच्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगमधून जेमतेम १.४ किलोवॉट मिळतात; त्यातले काही या ऊबेत गेले की केबल जोडून बराच वेळ झाला तरी टक्केवारी जागची हलत नाही, आणि ‘थंडीत चार्जच होत नाही’ अशी समजूत पसरते. कॅनडाच्या प्रेअरी (गवताळ मैदानी) प्रांतांत पार्किंगमधले प्लग मूळचे ब्लॉक हीटरसाठी, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन ऊबदार ठेवणाऱ्या हीटरसाठी, बसवलेले असतात. काही ठिकाणी वीज वाचवण्यासाठी ते ठरावीक मिनिटांनी बंद-चालू होतात, तिथे तर चार्जिंग तुटत तुटतच होते. दोष असलाच तर तो तिथल्या प्लगच्या व्यवस्थेत आहे. हीच यंत्रणा ब्रेक लावताना परत मिळणारी वीजही आखडून घेते, त्यामुळे गारठलेली गाडी सकाळी पहिल्या काही किलोमीटरांत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी नेहमीसारखी रोखली जात नाही. हा बिघाड नव्हे, पण निसरड्या रस्त्यावर हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

तेव्हा केबल गुंडाळून ठेवण्याचा सल्ला उलटा आहे. केबल जोडलेली असेल तर निघण्यापूर्वी आतली ऊब घरच्या विजेवर तयार करता येते आणि बॅटरी भरलेली राहते. नुसत्या पेट्रोलवर छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या तर मात्र इंजिन पुरते तापतच नाही; ऑइलमध्ये पाणी आणि न जळलेले पेट्रोल मिसळत राहते, आणि त्याची झीज इंजिनाला सोसावी लागते.

राहिले छायाचित्र. ज्या गाडीच्या डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही, तिची मोठी बॅटरी बहुधा शाबूत असते आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये इंजिन फिरवण्यासाठी वेगळा स्टार्टर नसतो, ते काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते. परंतु गाडीतले संगणक जागे करणे आणि मोठ्या बॅटरीचे रिले (विजेने चालणारे स्विच) जोडणे हे छोट्या बॅटरीवर अवलंबून असते. ती उतरली की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही कुलपात राहते. ही छोटी बॅटरी बहुधा शिसे-आम्लाची असते, आणि एएएच्याच म्हणण्यानुसार अशी बॅटरी शून्य अंशाला सुमारे ३५ टक्के आणि उणे १८ ला सुमारे ६० टक्के ताकद गमावते. पेट्रोल गाड्याही याच कारणाने हिवाळ्यात दारात अडकतात. त्यामुळे गॅरेजवाल्याकडून ऑक्टोबरात तपासून घ्यायची ती हीच बॅटरी, विशेषतः ती चार-पाच वर्षांची झाली असेल तर.