समोरच्यानं पाच फूट द्यावेत

रस्ता रुंद व्हावा, याबद्दल आमच्या कॉलनीत दुमत नाही. तो समोरच्याच्या बाजूनं व्हावा, याबद्दलही नाही. अडचण एवढीच की इथं प्रत्येकजण कुणाच्या तरी समोर राहतो.

कोल्हापुरात कळंब्याकडं ऊस होता त्या जागेवर आमची घरं उभी आहेत. गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट पाडणाऱ्यानं मधे वीस फुटांची वाट सोडली आणि तो निघून गेला. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं घरं कशीबशी नियमित झाली, वाट वीस फुटांचीच राहिली. आता टूम निघालीय, रस्ता ९ मीटर करायचा. म्हणजे साडेएकोणतीस फूट, म्हणजे दोन्ही अंगाला जवळजवळ पाचपाच फूट. गुंठा असतो ३३ बाय ३३ चा, १०८९ चौरस फूट. त्यातली पाच फुटांची पट्टी गेली की गाडी, तुळस आणि कपड्यांची दोरी एका दमात रस्त्यावर येते.

गणपतीच्या देवळात मीटिंग झाली. कोपऱ्यावरचे आण्णा पहिल्यांदा उठले. कॉलनीत साधा पाण्याचा नळ फुटला तरी ‘मला काय त्याचं’ म्हणणारा हा माणूस चक्क अग्निशमनच्या बंबाबद्दल कळवळून बोलला. मला कौतुक वाटलं. मग शेजारच्यानं कानात सांगितलं, आण्णांना घर पाडून अपार्टमेंट उठवायचंय, आणि रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असला तर २०२० च्या बांधकाम नियमावलीप्रमाणं टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही. बंबाची काळजी तिथनं आली होती.

“आमच्या कंपाउंडला हात लावायचा न्हाई,” समोरच्या काकी म्हणाल्या. “रस्ता मोठा केला की पोरं बुलेट कशी हाणत्यात बघा. आत्ता निदान म्हशीला बघून तरी थांबत्यात.”

काकींचं मला पटलं. आमच्या गल्लीत आजवर एकही स्पीडब्रेकर घालायची वेळ आली नाही, कारण सकाळ-संध्याकाळ सहा म्हशी रस्ताभर पसरून डुलत जातात. हॉर्न वाजवा, शिव्या द्या, त्या मान वळवून तुमच्याकडं बघतात आणि चालणं आणखी मंद करतात.

शेवटी ठरलं, आधी मोजून तर बघू. टेप आणला. एक टोक आण्णांच्या भिंतीला धरलं, दुसरं काकींच्या. वीस फूट दोन इंच. त्या दोन इंचांवर दोघांनीही ताबडतोब हक्क सांगितला. मग टेप खाली वाकला. आण्णांच्या फाटकापुढची उतरती फरशी अडीच फूट, काकींची तेवढीच. आण्णांची गाडी सहा फूट, तीही भिंतीला चिकटून नव्हे, फरशीच्या पुढं, कारण फरशीवर जास्वंदीच्या कुंड्या. उरले नऊ. बंबाची रुंदी आठ फुटांच्या आसपास असते. म्हणजे तो येईल, पण विजेच्या खांबाला मुजरा करून.

“कुंड्या आत घ्या की,” मी म्हणालो.

सगळी मीटिंग माझ्याकडं वळली. पाच फूट जमीन मागितली तेव्हा एवढा राग कुणाला आला नव्हता. माझं मत अजून तेच आहे: वीस फूट खरोखर मोकळे ठेवले, तर नऊ मीटरवाचून आमचं अडतं कशाला? पण माझ्या फाटकापुढंही अडीच फुटांची फरशी आहे, हे एका आगाऊ पोरानं टेपसकट दाखवून दिल्यावर मी चहाकडं वळलो.

रुंदीचा विषय पुढच्या मीटिंगवर गेला. उठता उठता मंडळाच्या पोरांनी विचारलं, “गणपतीच्या मंडपाला किती फूट सोडायचे?”

“वीस,” आण्णा म्हणाले.

“म्हणजे सगळा रस्ता?”

“मग? देवाला काय कोपऱ्यात बसवायचा व्हय?” काकी म्हणाल्या.

ठराव हात वर करून, एकमतानं मंजूर झाला. म्हशीवाल्यानं तेवढ्यात शंका काढली, दहा दिवस त्याच्या म्हशी कुठनं जायच्या. आण्णांनी लगेच काकींच्या मागच्या दाराकडं बोट दाखवलं.