अमली पदार्थविरोधी मोहीम काढताय? मग हे वाचाच

नुकताच एका जनजागृती कार्यक्रमाला चार तास बसून आलोय. नुसता बसून नाही, राबूनही, कारण हजेरीचं रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं होतं. घोषवाक्य होतं 'संपूर्ण समाजाचा सहभाग'. समाजाला सहभागी कसं करून घ्यावं याचा मी त्यामुळे आता जाणकार झालोय. चार सूचना तुमच्याही कामाला येतील.

आधी समिती नेमा. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, निमंत्रक, सहनिमंत्रक, आणि ज्यांना काहीच मिळालं नाही ते सल्लागार. एकच काळजी घ्या: ज्याच्या घरात हे दुखणं शिरलंय असा माणूस समितीत नको. तो उगाच मुद्द्याचं बोलतो. रात्रपाळीचा वॉचमन, औषधाच्या दुकानातला पोऱ्या, मैदानावर रोज पोरांना खेळवणारा प्रशिक्षक यांना कुठल्या कोपऱ्यात काय चालतं ते नेमकं ठाऊक असतं. म्हणून त्यांना खुर्च्या मांडायला ठेवा.

तारीख २६ जूनच धरा. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ साली हा अमली पदार्थविरोधी दिवस ठरवला तो आपली सोय बघूनच. एक दिवस उरकला की वर्षभर मोकळे.

फलक मोठा करा. पाहुण्यांचे चेहरे वर, हेल्पलाइनचा नंबर तळाशी. म्हणजे तो टेबलाच्या चादरीमागे नीट झाकला जातो.

दारू-तंबाखूचा विषय काढू नका. समितीतल्या निम्म्या लोकांना अधूनमधून 'जरा बाहेर' जाऊन यायचं असतं.

शपथ तर हवीच. हात पुढे केला की व्यसन पळतं.

आता मुख्य आकर्षण: वक्ता. तो घाबरवणारा हवा. आमच्याकडच्याने पडद्यावर सडलेले दात दाखवले, सुकलेले हात दाखवले, मग एकेका पदार्थाचं नाव, रंग, वास. कुठला ओढतात, कुठला हुंगतात, कुठला जिभेखाली धरतात. तेवढ्यावर न थांबता दप्तरात आणि घराच्या कपाटात सापडणाऱ्या कुठल्या वस्तू हुंगल्या तरी नशा येते, तेही सांगितलं. मागच्या रांगेत पेंगणारी पोरं ताठ बसली. माझ्या पुढचा एक जण वहीत लिहून घेत होता. एकाने हात वर करून विचारलं, "सर, किती वेळ राहते?" आणि सर 'प्रतिसाद' मिळाल्याच्या आनंदात उत्तर देते झाले! सुगंध कुठला, चव कुठली, टिकते किती, सगळं झालं. दुकानाचा पत्ताच काय तो राहिला.

अहो, हे करून झालंय जगात. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांना वर्गावर्गात पाठवून 'नाही म्हणा' शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला, देशभर पसरला, पोरांना टी-शर्ट वाटून झाले. पुढे पाहणीमागून पाहणी झाली, आणि ती मुलं आणि बाकीची मुलं यांच्या नशेत सांगण्यासारखा फरक काही सापडेना. १९९८ नंतर तिथल्याच सरकारने जाहिरातींवर एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला. मूल्यमापनाचा निष्कर्ष? मुलांची नशा काही कमी झाली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रतिबंधाबद्दलची मानकं काढली, त्यातही तेच: नुसती भीती दाखवून, नुसती माहिती देऊन काही साधत नाही. माझ्यासारख्या रजिस्टरवाल्याला हे ठाऊक आहे, मग अख्ख्या समितीत एकालाही शोधावंसं वाटू नये?

आणि साधलंय ते कुठे? आइसलँडमध्ये. १९९८ साली तिथली १५-१६ वर्षांची ४२ टक्के पोरं गेल्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगल्याचं सांगत होती. २०१६ साली ५ टक्के. त्यांनी शपथा घेतल्या नाहीत. दरवर्षी पोरांनाच विचारलं: संध्याकाळी कुठे असता, कुणाबरोबर असता, आईबापांना ते माहीत असतं का? उत्तरं ज्या त्या शाळेला, ज्या त्या गावाला परत दिली. मग खेळ, संगीत, नृत्य यांच्यासाठी सरकारी पैसा आला, म्हणजे संध्याकाळी पोरांना जायला जागा झाली. आईबापांनी आपसात करार केले, वीकेंडच्या रात्री पाळीपाळीने वस्तीत चकरा मारल्या. याला म्हणतात संपूर्ण समाजाचा सहभाग. कंटाळवाणं काम आहे, त्याचा फोटो चांगला येत नाही. आणि आपण? मैदानाला कुलूप घालायचं, गच्चीवर जायला बंदी करायची, जिन्यात बसलेल्या पोरांना हाकलायचं, आणि वर 'तरुणाई भरकटली' म्हणून परिसंवाद घ्यायचा. रोग हाल्याला आणि औषध पखालीला.

असो. उपरोध करायचा होता, घसरलो. पुढची सूचना.

व्यसनातून बाहेर आलेला एखादा तरुण मंचावर जरूर आणा. त्याला रडवा, टाळ्या घ्या. आठवड्याने तो काम मागायला आला तर जागा भरलीय म्हणा.

घोषणा झणझणीत हव्यात. आमची होती: 'नशेडी म्हणजे समाजाला लागलेली कीड!' चारशे माणसांनी तीनदा म्हटली. चांगली घोषणा आहे, एकच अडचण. त्या किडीची आई सभागृहात बसलेली असते.

आमच्याकडे होती. शेवटून तिसरी रांग, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. पाहुण्यांचं भाषण चालू असताना उठली आणि म्हणाली, "माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. मारून बघितलं, कोंडून बघितलं. आता कुठे नेऊ? नेलं तर पोलीस धरतील का?" सभागृह गप्प. निवेदक माइकमध्ये हसून म्हणाले, "ताई, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत." शेवटी आभार होते. आभारांत मंडपवाल्याचं नाव आलं, ध्वनिक्षेपकवाल्याचं आलं. मग सगळे फोटोला उभे राहिले आणि माइकवाल्याने वायर गुंडाळायला घेतली. ती बाई रिकाम्या खुर्च्यांमध्ये पाचेक मिनिटं तशीच उभी होती. प्रश्नोत्तरं झालीच नाहीत.

चारशे माणसांत प्रश्न एकीला पडला होता, आणि तुम्ही तिला खाली बसवलंत! लाज वाटत नाही? पाहुण्यांची दोन मिनिटं कापून तिला एवढंच सांगायचं होतं: बाई, कोंडू नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर झटके येतात, जीवही जातो. अफूच्या जातीचं काही घेत असेल तर कोंडून ठेवल्यावर शरीराची सवय मोडते, मग सुटल्यावर जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबतो. हा आजार आहे, डॉक्टरकडे न्या, पुन्हा घसरला तर पुन्हा न्या. आणि एखाद्याने उठून तिच्यासोबत जायचं होतं. तुमच्या समितीत दोन डॉक्टर होते. दोघेही पहिल्या रांगेत, फोटोत डावीकडून तिसरे आणि चौथे.

मी त्या रात्री रजिस्टरमधून तिचा नंबर काढून फोन केला. "तुम्ही कार्यक्रमातले ना?" म्हणाली. "नको, तो घरातच आहे." आणि ठेवला. पुढचे दोन फोन तिने उचलले नाहीत. तीनदा 'कीड' ऐकलेल्या बाईने का उचलावा?

अहवालाला हजेरी जोडायचीय म्हणून काल तिसऱ्यांदा निरोप आला. रजिस्टर माझ्याकडे आहे. ७३ व्या ओळीवर तिचं नाव आहे, पुढे नंबर आहे. डॉक्टरसाहेब, तुमच्यापैकी एकाने तिच्याशी बोलून मला तसं कळवा. रजिस्टर त्यानंतर मिळेल.