आधी लगीन इंधनाचं

पहिला नायट्रो ट्रक, म्हणजे रिमोटवर पळणारा खऱ्या इंजिनाचा छोटा ट्रक, घेणारा माणूस दोनच गोष्टी विचारतो: पळतो किती आणि केवढ्याला? मी उलट विचारतो, इंधन कुठून आणणार? तो शांतपणे पेट्रोल पंपाकडे बोट दाखवतो आणि माझा रक्तदाब वाढतो.

या इंजिनात पेट्रोल थेंबभरही चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण लागतं, पहिल्या ट्रकला साधारण २० टक्के नायट्रोचं. इथे ठिणगी पडत नाही. बॅटरीनं एकदा लाल केलेल्या ग्लो प्लगच्या तारेतलं प्लॅटिनम मिथेनॉलमुळे तापत राहतं, एवढ्यावर सगळा कारभार. पेट्रोलशी त्या प्लॅटिनमचं सोयरसुतक नाही. दुकानदार विमानाच्या मॉडेलचं इंधन पुढे करून 'एकच असतं हो' म्हणेल. एकच नसतं. त्यात नायट्रो सहसा कमी आणि तेल जास्त असतं, म्हणून लेबल आपण वाचावं. शिवाय हा ज्वलनशील माल साध्या कुरिअरनं विमानात चढत नाही. छोट्या ट्रकचं खाणं मोठ्या ट्रकनंच येतं, आणि पावसाळ्यात तोही घाटात अडकतो. ७५ सीसीची टाकी आठ-दहा मिनिटांत संपते. लिटरभरात तेरा टाक्या, त्यातल्या पहिल्या पाच इंजिन रुळवण्यात जाणार. हा हिशेब जमत नसेल तर सरळ बॅटरीवाला ट्रक घ्या. तो वेगवान असतो, शेजारीही बोलत राहतात.

इंधनाची सोय झाली की मग आकड्यांचा घोळ. खोक्यावर इंजिनाचा आकार १५, १८, २१ असा लिहिलेला असतो. ते सीसी नव्हेत, घन इंचाचे शंभरावे भाग आहेत. १८ म्हणजे जेमतेम ३ सीसी, २१ म्हणजे साडेतीनच्या आसपास. पहिल्यासाठी १५ किंवा १८ पुरे. २१ आणि २८ची हौस असणाऱ्यांनी क्लच बेल आणि स्पर गिअर, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारी दातेरी चाकं, डझनाच्या भावात मिळतात का ते पाहावं.

टू-व्हील ड्राइव्ह स्टेडियम ट्रक स्वस्त, हलका आणि उघडायला सोपा. पण त्याला सपाट जमीन लागते. आपल्या मैदानांवर दगड, खड्डे आणि क्रिकेटचे तीन सामने एकदम चालू असतात, तिथे मोठ्या चाकांचा फोर-व्हील ड्राइव्ह मॉन्स्टर ट्रकच निभावतो. ट्रॅक्सस कंपनीचा टी-मॅक्स ३.३ हा त्यातला जुना जाणता. एकेका चाकाला दोन, असे आठ शॉकअप. म्हणजे तेल गळायलाही आठ जागा. तरी मी अशाच, वर्षानुवर्षं चाललेल्या मॉडेलच्या बाजूनं आहे. सस्पेन्शनचा आर्म मोडणार हे ठरलेलंच आहे. तो आठवड्यात मिळणार की बोटीनं येणार, एवढाच प्रश्न. दुकानात ट्रक मागण्याआधी त्याचा पुढचा आर्म मागून पाहावा. 'मागवून देतो' असं उत्तर आलं की नमस्कार करून निघावं.

खोक्यावर 'रेडी टू रन' छापलेलं असतं. पळायला तयार, म्हणजे तुम्ही, पुन्हा दुकानात. इंधन, प्लग लाल करणारा ग्लो इग्नायटर, त्याचा चार्जर, टाकीत इंधन भरायची बाटली, सुटे प्लग दोन-तीन, एअर फिल्टरचं तेल, खेळानंतर इंजिनात सोडायचं आफ्टर-रन तेल, स्क्रू पक्के धरणारा गोंद म्हणजे थ्रेडलॉक आणि पेन्सिल सेल यांतलं बरंच खोक्यात नसतं. थ्रेडलॉक विसरलात तर थरथरीनं धातूत बसलेले स्क्रू एकेक करून मैदानाला अर्पण होतात. आणि रिसीव्हरचे सेल मलूल झाले तर थ्रॉटल उघडा राहून ट्रक स्वतंत्र होतो. म्हणून फेलसेफ, म्हणजे अशा वेळी थ्रॉटल आपोआप बंद करणारी सोय, आहे ना, ते विचारा आणि चाकं हवेत धरून तपासा.

पुल-स्टार्टची दोरी वीतभर, फार तर फूटभर ओढायची. ती अडकली तर इंजिनात इंधन तुंबलंय. जोर लावला तर दोरी किंवा कनेक्टिंग रॉड, एक काहीतरी जातं. प्लग काढा, वर फडकं धरा, ट्रक उलटा करून दोरी ओढा. चेतक तिरकी करून चालू केलेली पिढी इथे लगेच सरसावते. पण तिथे पेट्रोल यावं म्हणून स्कूटर तिरकी करायचे, इथे जावं म्हणून ट्रक उलटा करायचा.

नीडलच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधून इंधन किती जावं ते ठरवणाऱ्या स्क्रूच्या बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकत नाही, कंपनीच्या पुस्तकाशिवाय. घड्याळाच्या दिशेनं फिरवली की मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी, उलट फिरवली की रिच, म्हणजे इंधन जास्त, आणि एका वेळी एक अष्टमांश फेराच. लीन केलेला ट्रक असा काही सुसाट सुटतो की बघे टाळ्या वाजवतात. त्याच टाळ्यांत पिस्टन जॅम होतो, कारण तेल इंधनातूनच येतं आणि इंधनच कमी केलेलं असतं. फुल थ्रॉटलला मागे धुराची रेघ दिसलीच पाहिजे. प्लगपाशी तापमान १०० ते १२५ अंश सेल्सिअस ठीक. थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका: तीन-चार सेकंदांत उडाला तर बरं, पडताक्षणी चर्र झाला तर लगेच बंद करा. मे महिन्यात जुळवलेली नीडल डिसेंबरच्या पहाटे चालत नाही. थंड हवा दाट, तिच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून थोडं रिच करावं लागतं. महाबळेश्वरला नेलात तर हवा विरळ, म्हणजे पुन्हा उलटं.

एअर फिल्टरचा फोम तेलात भिजवलेला हवा. कोरड्या फोममधून गेलेली लाल माती सिलिंडरला पॉलिश पेपरसारखी घासते.

खेळ संपल्यावर टाकी रिकामी करा, इंजिन उरलेलं इंधन जाळून आपोआप बंद पडू द्या. मग प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून आफ्टर-रन तेलाचे चार थेंब सोडून दोरी ओढा. मिथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. रत्नागिरीच्या जुलैत बेअरिंग गंजायला एक रात्रही पुरते. पिस्टन खाली आणून ठेवा, कारण वरच्या टोकाला सिलिंडर मुद्दाम अरुंद असतो आणि थंड होताना पिस्टनला आवळतो. खालची जागा सापडावी म्हणून फ्लायव्हीलवर मार्करनं खूण करा. इंधनाची बाटली घट्ट बंद, उन्हापासून लांब आणि कुलपात. मिथेनॉल विष आहे, त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही. उरलेलं इंधन बिसलरीच्या बाटलीत ओतून फ्रीजशेजारी ठेवणाऱ्याला मी ट्रकच काय, रिमोटचे सेलसुद्धा सुचवणार नाही.