मेलेला माणूस खोटं बोलत नाही, हे कार्डेकच्या नावावर खपवू नका

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या नातेवाइकांनी पाठवला. दर वेळी खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: फ्रान्सचे थोर शास्त्रज्ञ ॲलन कार्डेक यांनी दीडशे वर्षांपूर्वीच सिद्ध केलं की देह सुटला की आत्म्याला सगळं कळतं आणि तो खोटं बोलत नाही. ज्याच्यातर्फे आत्मा बोलतो ते माध्यम पूर्वपुण्याईने निवडलेलं असतं. दिवा लावून, देवाचं नाव घेऊन बसलं की वाईट आत्मा जवळ फिरकत नाही. संतांच्या नावाने निरोप आला तर तो संतांचाच. आणि शंकेखोर माणसाला बैठकीत घेऊ नये, त्याने आत्म्यांना त्रास होतो.

मी स्वतः आत्मे मानत नाही. तरी या मजकुराकडे काणाडोळा करणं मला जमलं नाही, कारण याच आधारावर माझी मावशी दीड वर्ष दर गुरुवारी एका बाईंच्या घरी जाऊन बसत होती. तिचा मुलगा अपघातात गेला होता. त्या बाईंचा हात वहीवर आपोआप चालायचा आणि त्याचे निरोप उतरायचे. मी मावशीला मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाचा १८५३ सालचा प्रयोग सांगितला. त्या काळी लोक टेबलाभोवती हात ठेवून बसत, आणि टेबल फिरलं की आत्मा आला असं मानत. फिरत्या टेबलावर हात ठेवून बसलेल्या लोकांचे हातच आधी सरकतात, टेबल मागून, आणि त्या लोकांना स्वतःला ते कळतही नाही, हे त्याने दाखवून दिलं होतं. मावशी म्हणाली, "तुझा फॅरेडे राहू दे, कार्डेक काय म्हणतो ते बघ." म्हणून मी कार्डेक वाचायला घेतला. वाचून झाल्यावर राग आला तो कार्डेकचा नाही, या मजकुराचा.

आधी माणूस कोण ते सांगते. त्याचं खरं नाव इपोलित लेआँ दनिझार रिव्हाय, जन्म लियाँ शहरात १८०४ साली. शास्त्रज्ञ नव्हे, शिक्षक. स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझी या नामवंत शिक्षणतज्ज्ञाच्या शाळेत शिकला, पॅरिसमध्ये अंकगणिताची आणि व्याकरणाची क्रमिक पुस्तकं लिहिली. टेबलं फिरवण्याचं वेड युरोपभर पसरलं तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो तिकडे वळला. माध्यमांतर्फे आत्म्यांनी दिलेली म्हणून जी उत्तरं आली ती जमवून त्याने कार्डेक या नावाने पुस्तकं लिहिली, त्यांवर पुढे त्याचा पंथ उभा राहिला. १८५७ मध्ये त्याचा 'आत्म्यांचा ग्रंथ' आला आणि १८६१ मध्ये 'माध्यमांचा ग्रंथ'. मजकूर फिरवणाऱ्यांनी यातलं दुसरं पुस्तक उघडलेलंच नाही, असं मला वाटतं. त्याचा मोठा भाग फसवणुकीबद्दल आहे: माध्यमांनी केलेली, आणि त्याच्या मते आत्म्यांनी केलेली.

आता मुख्य दावा: मेल्यावर सगळं कळतं आणि खोटं सुटतं.

कार्डेक पहिल्याच ग्रंथात याच्या नेमकं उलट सांगतो. मरणाने माणूस बदलत नाही. जिवंतपणी जो थापाड्या होता तो देह गेल्यावरही थापाड्याच, जो अर्धवट शिकलेला शहाणा होता तो तिकडेही अर्धवट शहाणाच. त्याने आत्म्यांच्या तीन पायऱ्या आणि त्यांत मिळून दहा वर्ग मांडले आहेत. सगळ्यात खालच्या पायरीवर दुष्ट आत्मे आहेतच, पण त्यांच्या वर एक वर्ग उथळ, टवाळ आत्म्यांचा आहे. त्यांना विचारलं की ते उत्तर देतात, खरं-खोटं बघत नाहीत, लोकांना चक्रावून सोडण्यातच त्यांना मजा येते. त्याच्याही वर एक वर्ग आहे, आणि मला तो सगळ्यात नेमका वाटला: विद्वत्तेचा आव आणणारे. यांना थोडं माहीत असतं, पण बोलणं इतकं भारदस्त की ऐकणारा मान डोलावतो, आणि त्या चार खऱ्या गोष्टींच्या आडून त्यांचे स्वतःचे पूर्वग्रह आत शिरतात.

कार्डेकच्या मते बैठकीत कुणी बोलू लागलं तर तो या दहांपैकी कुठल्याही वर्गातला असू शकतो. म्हणजे आत्मा बोलला हे एक वेळ मान्य केलं, तरी तो खरं बोलला हे वेगळं सिद्ध करावं लागतं. त्याच्या पुस्तकातलं सर्वांत प्रसिद्ध वचन एरास्त नावाच्या आत्म्याच्या तोंडी आहे. त्याचा आशय असा की दहा सत्यं नाकारावी लागली तरी चालेल, पण एक असत्य, एक खोटा सिद्धांत पदरात घेऊ नका. ज्याच्या पंथाचं हे सूत्र, त्याच्याच नावावर "आत्मा खोटं बोलत नाही" हे वाक्य फिरावं याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं, माध्यम पुण्यवान असतं. कार्डेकच्या लेखी माध्यम होणं ही शरीराची ठेवण आहे, चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. ती शक्ती सज्जनाकडे असते तशी दुर्जनाकडेही असते. निर्दोष माध्यम असतं का, या प्रश्नाला त्याच्या पुस्तकातलं उत्तर सरळ आहे: या पृथ्वीवर नाही. उत्तम माध्यम कोणतं, तर जे सर्वांत कमी वेळा फसवलं गेलं ते. फसवलं गेलंच नाही असं तो म्हणतच नाही.

पैशाबद्दल तो आणखी कडक आहे. फुकट मिळालं ते फुकट द्या, या येशूच्या वचनावर त्याने एक अख्खं प्रकरण लिहिलं, आणि कमाईसाठी बसणाऱ्या माध्यमापासून सावध राहा असं बजावलं. कमाई म्हणजे नुसते पैसे नव्हेत, नावलौकिक आणि मोठेपणाही त्यात आला. आमच्या त्या बाई पैशाला हात लावत नसत. पण "त्याच्या आत्म्याला गती मिळावी" म्हणून मावशीच्या पाटल्या गेल्या. एकदा वहीत उतरलेल्या निरोपाप्रमाणेच गेल्या, त्यामुळे बाईंनी मागितल्या असंही म्हणता येत नाही.

दिवा, उदबत्ती, देवाचं नाव. याला फार वेळ द्यायची गरज नाही. ताईत, मंत्र, ठरावीक वार, ठरावीक घटका यांचा आत्म्यांवर काहीही परिणाम होत नाही, असं 'आत्म्यांचा ग्रंथ' स्पष्ट म्हणतो. देवाची शपथ घालून आत्म्याला खरं बोलायला लावता येतं असं त्या काळी पॅरिसमध्येही लोक समजत. कार्डेकने लिहिलं की काही आत्मे अशा शपथेला बिचकतात, पण हा उपाय खात्रीचा नाही, खोटी शपथ घेणारेही निघतात.

संतांच्या नावाचा मुद्दा मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे तोच सर्वांत जास्त चालतो. वहीखाली एखाद्या संताची सही आली की बोलणंच खुंटतं. 'माध्यमांचा ग्रंथ'मध्ये आत्म्याची ओळख पटवण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तो म्हणतो की फार जुन्या काळच्या व्यक्तीची ओळख पटवणं जवळजवळ अशक्य. सही हा पुरावा नाही, अक्षर जुळलं तरी नाही, कारण अक्षराची नक्कल आत्माही करू शकतो. मग बघायचं काय? मजकूर. ज्याचं नाव सांगितलं त्याच्या तोंडी हे शोभतं का? भाषा फुगलेली आहे का? खुशामत आहे का? तारीखवार भविष्य सांगितलंय का? हुकूम सोडलाय का? घराघरांत भांडण लावलंय का? यांपैकी काही असेल तर खाली नाव कोणाचंही असो, कागद बाजूला ठेवायचा. त्या ग्रंथाच्या शेवटी त्याने मोठमोठ्या नावांखाली आलेले बनावट संदेश मुद्दाम छापले आहेत, वाचकाची नजर तयार व्हावी म्हणून.

हल्लीच गेलेल्या माणसाची पारख करायला मात्र वाव आहे, असं तो म्हणतो: त्याची बोलण्याची ढब, सवयी, घरातल्यांनाच ठाऊक असलेल्या बारीक गोष्टी. मी मावशीची वही हातात घेतली ती ही कसोटी मनात धरून. माझा मावसभाऊ आईला जन्मात कधी "मातोश्री" म्हणाला नव्हता. वहीभर "मातोश्री" आहे. तो तिला "ए आई" म्हणायचा, आणि चिडला की "आईसाहेब". मावशीला हे दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वर गेल्यावर सुधारला असेल."

ते ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. पण तिला हसणाऱ्यांपैकी मी नाही, कारण हा भोळेपणा फक्त मावश्यांचा नसतो. १८७५ साली पॅरिसमध्ये ब्युगे नावाच्या छायाचित्रकारावर खटला झाला. तो गिऱ्हाइकाच्या फोटोत मागे मृत नातलगाची धूसर आकृती आणून द्यायचा. त्याने कबुली दिली, पोलिसांना त्याच्याकडे बाहुली आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले चेहरे सापडले. तरीही साक्षीदार कोर्टात उभे राहून सांगत होते की नाही, ती माझी बायकोच होती, मी ओळखलं तिला. कार्डेक तोवर वारला होता. त्याने सुरू केलेलं मासिक चालवणाऱ्या लेमारीने हे फोटो त्यात छापले होते, त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. गुरूची चाळणी शिष्याने सहा वर्षांत बाजूला टाकली.

आता शंकेखोराला बाहेर ठेवण्याचा मुद्दा. हा मजकुरातला सर्वांत धोकादायक भाग आहे आणि तो कार्डेकच्या मुळावरच येतो.

आत्म्याने माध्यमाचा कब्जा घेण्याच्या तो तीन पायऱ्या सांगतो. पहिली म्हणजे साधी पछाड: आत्मा पिच्छा सोडत नाही, पण माध्यमाला आपण फसवले जातोय हे कळत असतं. तिसरी म्हणजे पूर्ण ताबा, माणसाची स्वतःची इच्छाच चालेनाशी होते. त्याच्या मते अवघड आहे ती मधली, भुरळ. हिच्यात माध्यमाला फसवणूक दिसतच नाही. कितीही खुळचट मजकूर आला तरी तो त्याला दिव्य वाटतो. शिकलेले, हुशार लोकही यातून सुटत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. आणि ही बाधा ओळखायची कशी, यासाठी त्याने लक्षणांची यादी दिली आहे. आपल्याकडे येणारे आत्मे कधी चुकत नाहीत असं माध्यमाला वाटणं. त्यांनी केलेल्या स्तुतीवर विश्वास ठेवणं. टीका सहन न होणं. आणि जे लोक शहाणपणाचे चार शब्द सांगू शकतील त्यांच्यापासून माध्यमाला दूर नेलं जाणं.

शेवटचं लक्षण पुन्हा वाचा आणि मजकुरातलं शेवटचं वाक्य त्याच्या शेजारी ठेवा. ज्याला कार्डेक बाधेची खूण म्हणतो, तोच या मजकुरात बैठकीचा नियम झाला आहे. त्याचा स्वतःचा सल्ला होता की आलेले निरोप निःपक्षपाती माणसांना दाखवा, त्यांना मोकळेपणाने चिरफाड करू द्या. चांगल्या आत्म्याला राग येत नाही, राग येतो तो फसवणाऱ्याला.

दोन गोष्टी मजकुरात नाहीत, पण महाराष्ट्रात राहून त्या सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लहान मुलांना माध्यम म्हणून तयार करणं फार धोक्याचं आहे, असं 'माध्यमांचा ग्रंथ' निक्षून सांगतो. ज्यांचं मन नाजूक आहे त्यांनाही यापासून लांब ठेवायला सांगतो. आणि गुप्तधनाबद्दल तो म्हणतो की वरचे आत्मे असल्या गोष्टींत लक्ष घालत नाहीत, टवाळ आत्मे मात्र नसलेली धनं दाखवून लोकांना खड्डे खणायला लावतात. आपल्याकडे पायाळू पोराला पुढे करून गुप्तधन शोधायला निघणारे आजही सापडतात, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या यादीत गुप्तधनासाठीची अघोरी कृत्यं घालावी लागली ती उगाच नाही. असल्यांनी तरी कार्डेकचं नाव घेऊ नये.

राहिलं "सिद्ध केलं". इथे मी कार्डेकच्याही बाजूने उभी राहू शकत नाही. त्याची चाळणी प्रामाणिक होती, पण तिला एक मोठं भोक होतं. निरोपाची पारख तो विवेकाने आणि निरनिराळ्या ठिकाणच्या माध्यमांचे निरोप ताडून करायचा. पण सगळे जण एकाच काळातले असले आणि सगळ्यांची चूक एकच असली, तर ताडून काय उपयोग? १८५८ मध्ये त्याच्याच मासिकात गुरू ग्रहावरच्या वस्तीची वर्णनं आली. व्हिक्तोरियाँ सार्दू, जो पुढे नाटककार म्हणून नावाजला, त्याच्या हातून आत्म्यांनी काढलेली तिथल्या घरांची चित्रंही आली. त्यात मोझार्टचं घरसुद्धा होतं. गुरूवर घर बांधायला जमीनच नाही, तो वायूचा गोळा आहे.

कामीय फ्लामारियाँ हा खगोलशास्त्रज्ञ तरुणपणी कार्डेकच्या बैठकींत बसायचा. त्याच्या हातून "गॅलिलिओ" सहीचे निरोप उतरले आणि कार्डेकने ते १८६८ च्या आपल्या ग्रंथात विश्वरचनेचं प्रकरण म्हणून घातले. कार्डेकच्या दफनाच्या वेळी याच फ्लामारियाँने भाषण केलं. पुढे १९०७ मध्ये त्याने स्वतःच लिहिलं की त्या निरोपांत जे होतं ते त्याला आधीपासून ठाऊक होतं, त्यांतून नवीन असं काहीच शिकायला मिळालं नाही.

हे वाचल्यावर मी मावशीची वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली, एकच गोष्ट शोधत: तिला किंवा त्या बाईंना माहीत नसलेलं असं काही आहे का. दीड वर्ष ती त्याला एकच प्रश्न विचारत होती, त्याच्या नावावरच्या मुदत ठेवीची पावती कुठे आहे. दर वेळी उत्तर आलं, "योग्य वेळी कळेल, मातोश्री." या दिवाळीत कपाट आवरताना ती पावती त्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या प्लास्टिकच्या पिशवीत सापडली. पुढच्या गुरुवारी मावशी गेली नाही.