‘चर्च आलं की जंगल गेलं’? इथिओपियाचं पठार बघा

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ख्रिस्ती धर्माने झाडांतला देव काढून टाकला, म्हणून चर्च आलं तिथलं जंगल गेलं, आत्ताचं त्यांचं पर्यावरणप्रेम 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर पत्र लिहिल्यानंतरचं, आणि तेही पर्यटनाच्या पैशासाठी.

जंगलापासूनच सुरुवात करू. इथिओपियाच्या उत्तरेला, ताना सरोवराच्या पूर्वेकडच्या दक्षिण गोंदर भागात नांगरट, चराई आणि सरपणापायी मूळचं रान जवळपास संपलं. जे वाचलं ते बहुतांशी ऑर्थोडॉक्स तेवाहेदो या इथिओपियातल्या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चच्या आवारात. उपग्रहाच्या फोटोत पिवळट शेतांमध्ये गडद हिरवे ठिपके दिसतात. प्रत्येकाच्या मधोमध चर्चचं गोल छप्पर. अशी चर्चं या एका भागातच हजाराहून जास्त आहेत. तिथलेच वनशास्त्रज्ञ आलेमायेहू वासी यांनी 28 चर्चच्या रानांत झाडाझुडपांच्या 168 जाती नोंदवल्या. झाडांशिवायचं चर्च तिथल्या भाविकांना उघडंवाघडं वाटतं. आपल्या देवराया ज्या भीडेने टिकल्या, तीच भीड इथे आहे. मग चर्चमुळे जंगल गेलं कसं म्हणायचं?

2015 चा मुद्दा तर टिकतच नाही. कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स प्रमुख धर्मगुरू (पॅट्रिआर्क) दिमित्रिओस यांनी 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस 1989 मध्येच ठरवला. आणि आपल्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’साठी रस्त्यावर उतरले, तेव्हा पोप फ्रान्सिस पोप व्हायचे होते!

राहिला पैसा. ताना सरोवरातल्या झेगे द्वीपकल्पावर काठावरच्या बहिरदार शहरातून पर्यटकांच्या बोटी येतात, मठ बघायचे पैसे घेतात, हे खरंच. पण तिथलं कॉफीचं दाट रान पर्यटकांच्या कितीतरी आधीचं आहे. तिथे नांगर धरायचा नाही, गुरं पाळायची नाहीत, हा मठांचा जुना दंडक. शिवाय गोंदरच्या आडगावातल्या बहुतेक चर्चकडे पर्यटक फिरकतसुद्धा नाहीत. तरी झाडं उभी आहेत.

टीका करायचीच तर खऱ्या दुखण्यावर करा. काही चर्चनी उत्पन्नासाठी आवारात नीलगिरी लावली आहे. गुरं आत शिरून रोपं खातात, त्यामुळे जुनी झाडं पडली की जागा भरून निघत नाही. यावर आलेमायेहू आणि अमेरिकन शास्त्रज्ञ मेग लोमन यांनी पाद्री आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन रानाभोवती दगडी गडगे घालायला सुरुवात केली. दगड आजूबाजूच्या शेतांतलेच, त्यामुळे शेतंही मोकळी होतात. गडगा झाला की गुरं बाहेर राहतात आणि आतली रोपं वर येऊ लागतात.