कर्जावर रागवण्याचा मुहूर्त

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्जाची काळजी करायची ठरवलीच असेल, तर आधी व्हाइट हाउसमध्ये कोण बसलंय ते बघा. आपला माणूस असेल तर उगाच जीव जाळू नका. समोरच्या पक्षाचा असेल, तर मात्र शपथविधीच्या रात्रीपासूनच तुमची झोप उडाली पाहिजे आणि नातवंडांच्या डोक्यावरचा बोजा डोळ्यांपुढे नाचला पाहिजे. (नातवंडं नसली तरी चालेल. या वादात ती सगळ्यांना असतात.)

तुम्ही रिपब्लिकन असाल तर २००९ पासून सुरुवात करा. ओबामांनी मंदीवर उतारा म्हणून ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज आणलं आणि देशभर काटकसरीची लाट उसळली. त्याआधीच्या, म्हणजे धाकट्या बुश यांच्या, आठ वर्षांतल्या करकपाती, दोन युद्धं, म्हाताऱ्यांच्या औषधांची नवी योजना, हे सगळं उधारीवर झालं होतं, पण तो काळ तुमच्या स्मरणात नसावा. तुम्ही डेमोक्रॅट असाल तर करकपातींनी तिजोरीला पाडलेलं भगदाड इंचाइंचाने मोजून दाखवा आणि बायडन यांच्या २०२१ च्या १.९ लाख कोटी डॉलरच्या पॅकेजपाशी आलात की घसा खाकरून विषय बदला. २०२० चं कोरोनाचं २.२ लाख कोटींचं पॅकेज तर कोणीच काढू नये. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, ते ९६ विरुद्ध ० असं मंजूर झालं. ज्याचा दोष समोरच्यावर ढकलता येत नाही, त्या कर्जाचा उपयोग काय?

करकपात करायची असेल तर ती तात्पुरती करा. ही या धंद्यातली सगळ्यात देखणी युक्ती आहे, नीट शिकून घ्या. सिनेटमध्ये साध्या बहुमतावर असं विधेयक रेटायचं, तर साधारण दहा वर्षांच्या पलीकडे तूट वाढता कामा नये, असा नियम आहे. म्हणून २००१ च्या कायद्यातच लिहून टाकलं की ही करकपात २०१० अखेर संपेल. कागदावर हिशेब चोख. दहा वर्षांनी ती संपायला आली, की ‘ही करवाढ आहे हो!’ म्हणून बोंब ठोकायची. तोवर सवलतीची सवय लागलेली असते, संपवायची छाती कोणाची होणार? ओबामांनीसुद्धा ती आधी दोन वर्षं वाढवली आणि २०१३ च्या सुरुवातीला बहुतेक भाग कायमचा करून टाकला. २०१७ मध्ये तोच प्रयोग पुन्हा. कंपन्यांचा कर ३५ वरून २१ टक्के झाला तो कायमचा, सामान्य माणसाची सवलत मात्र २०२५ पर्यंत. आणि २०२५ उजाडल्यावर सिनेटमधल्या रिपब्लिकनांनी कळस केला: सवलत चालूच आहे, मग ती पुढे चालू ठेवायला खर्च शून्य! काँग्रेसच्याच (म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्याच) बजेट ऑफिसने ती सवलत पुढे चालू ठेवणाऱ्या कायद्यामुळे दहा वर्षांत सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरची तूट वाढेल असं सांगितलं. अशा वेळी त्या ऑफिसला पक्षपाती म्हणायचं. समोरच्यांचं विधेयक आलं की त्याच ऑफिसचे आकडे वेदवाक्य.

खरोखर हिशेब जुळवायच्या भानगडीत पडू नका. थोरल्या बुश यांनी १९८८ मध्ये नवे कर लावणार नाही म्हणून छातीठोक सांगितलं, १९९० मध्ये तुटीपायी शब्द मोडला आणि १९९२ मध्ये घरी गेले. क्लिंटन यांच्या काळात चक्क शिल्लक पडू लागली, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या कर्जाच्या घड्याळाची, म्हणजे देशाच्या कर्जाचा वाढता आकडा दाखवणाऱ्या फलकाची, पंचाईत झाली. ते उलटं धावण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. २००० मध्ये त्यावर लाल-पांढरा-निळा पडदा टाकला. २००२ मध्ये तो काढावा लागला. २००८ मध्ये कर्ज दहा लाख कोटींवर गेलं आणि आकड्यांना जागा पुरेना, तेव्हा डॉलरच्या खुणेच्या जागी १ बसवून वेळ मारून नेली. अंदाजपत्रकाचं आख्खं शास्त्र त्या एका खटपटीत मावतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कर्जमर्यादेचा, म्हणजे सरकारने किती कर्ज काढावं याच्या कायद्यातल्या मर्यादेचा, तमाशा मात्र चुकवू नका. काँग्रेसने आधीच मंजूर केलेल्या खर्चाची बिलं भागवायची की नाही, एवढाच तो प्रश्न. विरोधात असताना तत्त्वासाठी नकार द्यायचा. सिनेटर ओबामांनी २००६ मध्ये दिला होता. २०११ मध्ये अध्यक्ष ओबामांनाच मर्यादा वाढवून मागावी लागली, आणि त्या रस्सीखेचीत स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेने देशाचं सर्वोच्च पतमानांकन काढून घेतलं. २०२५ मध्ये सत्ता हाती येताच तत्त्ववादी रिपब्लिकनांनी मर्यादा एका फटक्यात पाच लाख कोटींनी वाढवली.

‘मग कापायचं काय?’ असं कोणी तोंडावर विचारलंच, तर परदेशी मदतीचं नाव घ्या. ती अंदाजपत्रकाच्या जेमतेम एक टक्का असते, म्हणून सुरक्षित. डेमोक्रॅटांनी अब्जाधीशांकडे बोट दाखवावं आणि वर्षाला चार लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांना एक सेंटही जास्त भरावा लागणार नाही, असं लगोलग सांगावं. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचं पेन्शन आणि आरोग्यविमा, यांच्या वाटेला दोघांनीही जाऊ नये. म्हातारे मतदार नेमाने मतदान करतात. राहता राहिलं व्याज. २०२४ मध्ये ते संरक्षणखर्चाच्याही पुढे गेलं. त्यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे: नवं कर्ज काढायचं आणि बिनबोभाट भरून टाकायचं.